एक टक्का मोठी फियाट

सयाजी मिस्त्रीच्या हाताखाली जे शिकले त्यांतला एकही जण त्याच्याबद्दल चांगलं बोलत नाही, आणि त्याच्या कामाबद्दल एकही जण वाईट बोलत नाही. पाटण तालुक्यातलं गाव सोडून तो अठ्ठ्याऐंशी साली इकडं आला, भोसरीच्या एका फौंड्रीत पॅटर्न शॉपला लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. नमुन्यातली चूक लोखंडात उतरते आणि लोखंडावर रंधा चालत नाही, हे तो नव्या पोरांना पहिल्या दिवशी समजावून सांगे. दुसऱ्या दिवसापासून समजावणं बंद. पुढं नुसता पाणउतारा.

बारा वर्षांपूर्वी ज्ञानेश नावाच्या डिप्लोमावाल्या शिकाऊनं एका पंपाच्या झाकणाचा नमुना केला. त्याची कड अर्धा मिलिमीटर कमी भरली. सयाजीनं तो नमुना सुतळीत ओवून त्याच्या गळ्यात बांधला आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला तसाच कँटीनला पाठवला. "डिप्लोमा गळ्यात घालून हिंड," एवढंच तो म्हणाला. ज्ञानेश रांगेत उभा राहिला, ताट घेतलं, जेवला, ताट धुतलं. दोनशे माणसं हसली. पोरगं रडलं नाही याचं सयाजीला थोडं वाईट वाटलं.

त्याला मित्र म्हणावा असा एकच होता, भीमराज. तो उदगीरकडचा. आधी ओतकामावर होता, मग पॅकिंगला गेला. तिथं सुट्या भागांसाठी प्लास्टिकचे ट्रे करायचं यंत्र त्याच्याकडं होतं. कायम मात्र तो कधीच झाला नाही. माणूस ठेकेदाराचा, दर अकरा महिन्यांनी कागद नवा. वीस वर्षं दोघांचे डबे एका टेबलावर उघडले. भीमराजच्या घरचं सुकट सयाजी आवडीनं खाई. घरी जाणं-येणं कधी झालं नाही. भीमराज संत तुकाराम नगरला राहतो एवढं त्याला माहीत होतं, आणि तेवढं त्याला पुरत होतं.

मग कंपनीनं चाकणला नवा कारखाना काढला. तिथं नमुने संगणकावर आखायचे आणि मशीननं कोरायचे. भोसरीचं पॅटर्न शॉप बंद झालं. ज्ञानेश मधल्या काळात बाहेर जाऊन, आणखी शिकून परत आला होता. नमुने करणाऱ्या या नव्या प्रोटो विभागाचा तो प्रमुख झाला. सयाजीला चाकणलाच डिस्पॅचला बसवलं; पॅकिंगही तिकडंच गेलं होतं. खोके मोजायचे, खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची. हत्यारांची पेटी त्यानं कुलूप घालून कपाटाखाली सरकवली. चहाच्या वेळी प्रोटोतली पोरं येता-जाता विचारत, "काका, चिठ्ठी लेव्हलमध्ये लागली का? अर्धा मिलिमीटर तिरकी वाटते." सयाजी मान वर करत नसे. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. या चौदा महिन्यांत पुन्हा एकदा टेबल मिळावं, काम आवळून धरायला शिकंजा मिळावा आणि हातात लाकूड यावं, याखेरीज त्याला काही नको होतं. बायकोला, शालनबाईला, तो रोज रात्री जेवताना हेच सांगे, आणि ती रोज पोळी वाढता वाढता ऐके.

कंपनीच्या मालकांना खेळण्यातल्या मोटारींचा नाद होता. चाकणच्या कँटीनशेजारच्या हॉलमध्ये त्यांनी पंचावन्न फूट लांबीचा लाकडी पट्टा टाकून घेतला होता. सरळसोट, एकही वळण नाही. पट्ट्यात दोन खाचा, खाचांच्या कडेला तांब्याच्या फिती. वीतभर लांबीच्या गाडीच्या नाकाखालचा खुंट खाचेत घालायचा, दिवा हिरवा झाला की हातातलं बटण दाबायचं. गाडीला वीज मिळते आणि ती सुटते. याला ड्रॅग रेस म्हणतात. महिनाभर खपून केलेल्या गाडीचा निकाल सेकंदाभरात लागतो.

चाळिसाव्या वर्धापनदिनाला मालकांनी विभागवार शर्यत ठेवली. सांगाडा, मोटर, चाकं सगळ्यांना सारखीच मिळणार होती. वरची बॉडी ज्यानं त्यानं करायची, आणि ती मालकांच्या वडिलांकडं असलेल्या जुन्या फियाटचीच असली पाहिजे. टप बसका करा, नाक खाली ओढा, मागं पंख लावा, सगळं चालेल. पण लांबी-रुंदी खऱ्या गाडीच्या बरोबर चोविसाव्या भागाइतकी हवी. फरक चालणार एक मिलिमीटर. त्यासाठी प्रोटो विभागानं ॲल्युमिनियमची चौकट कापून ठेवली होती. चौकटीत बसेल ती गाडी धावेल.

मालक स्वतः डिस्पॅचला आले आणि सगळ्यांदेखत बोलले. "मिस्त्री, इथं मी मॉडेल रूम करतोय. तुमची गाडी मापात बसली आणि नीट धावली, तर तिथलं टेबल तुमचं. रिटायर होईपर्यंत." सयाजीनं नुसती मान हलवली. मालक गेल्यावर त्यानं पेटी ओढून काढली आणि कुलपावरची धूळ बोटानं पुसली.

पहिली पाळी तीनला सुटे. तीन ते सहा तो भीमराजच्या पॅकिंगमध्ये एका कोपऱ्यात काम करू लागला. मोडीत काढलेल्या एका सागवानी नमुन्याचा तुकडा त्यानं मिळवला आणि त्यातून गाडी काढायला घेतली. जुनी फियाट म्हणजे बुटकी, गोल खांद्यांची, सालस गाडी. तिला शर्यतीची करायची म्हणजे तिचा स्वभाव बदलायचा, पण चेहरा ठेवायचा. सयाजीनं टप तीन मिलिमीटरनं खाली आणला, समोरची काच मागं कलती केली, बॉनेटवर हवा घ्यायचं तोंड उठवलं, मागच्या चाकांवरच्या कमानी मोठ्या केल्या. पुढची जाळी आणि दिव्यांच्या भुवया मात्र होत्या तशा ठेवल्या. आठव्या दिवशी लाकडाची ती गाडी मांजरानं दबा धरावा तशी टेबलावर बसली होती. पॅकिंगमधल्या बायका हातातलं काम ठेवून बघायला आल्या. सयाजीनं त्यांना लांबूनच बघा म्हणून सांगितलं.

माप घ्यायला त्यानं पेटीतली आपली पट्टी काढली होती. ओतलेलं लोखंड थंड होताना आटतं, शंभराला एक. म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब नको, म्हणून या धंद्यात पट्टीच वेगळी असते. तिच्यावरचे शंभर मिलिमीटर म्हणजे खरे एकशे एक. पस्तीस वर्षं त्यानं दुसऱ्या पट्टीला हात लावला नव्हता. आणि ही त्यानं सवयीनं उचलली असंही नाही. विचार करून उचलली. या लाकडावर प्लास्टिकचा पातळ, पारदर्शक पत्रा तापवून बसवायचा होता, आणि तापलेली वस्तू थंड होताना आटते हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पत्र्याची जाडीसुद्धा त्यानं आठवणीनं वजा धरली होती.

भीमराजनं पट्टी पाहिली आणि तो चाचरत म्हणाला, "मिस्त्री, ह्यो पत्रा लाकडाला धरूनच थंड होतंय बगा. आटून जाईल कुठं? आमी ट्रेला एवढं कधी वाढवत न्हाई."

"तू पत्रा वढ," सयाजी म्हणाला. "मापाचं माझ्याकडं ऱ्हाऊ दे. ट्रे न्हाई करायचा हितं."

भीमराजनं पत्रा तापायला लावला. त्याला सवय होती.

पत्रा तापून ओल्या कापडासारखा लोंबला की भीमराज तो लाकडावर खाली आणे आणि पायानं खटका दाबे. लाकडाला पाडलेल्या बारीक भोकांतून हवा खाली ओढली जाई आणि क्षणात काचेसारखी फियाट तयार होई. मग वाकड्या कात्रीनं कडा कापायच्या आणि रंग आतल्या बाजूनं द्यायचा. त्यात सयाजीच्या दोन बॉड्या वाया गेल्या. त्यानं आधी तांबडा हात मारला आणि वर आकडा काढला. बाहेरून बघतो तर आकडा नाहीच. भीमराजनं समजावलं की इथं सगळं उलटं: बाहेरून वर दिसायचं ते आतून आधी रंगवायचं. हे मात्र सयाजीनं ऐकलं, कारण ऐकताना तिसरं कुणी नव्हतं. तिसरी बॉडी साधली. तांबडा रंग, पिवळा पट्टा, बॉनेटवर काळं तोंड. हातात घेतली तर वजन कागदाएवढं.

मधे एकदा ज्ञानेश येऊन गेला. लाकडी गाडी त्यानं डोळ्यांजवळ धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. मग टेबलावरची पट्टी उचलून भीमराजच्या हातात दिली, टेबलावरचा भुसा झटकला आणि पट्टी परत घेऊन होती तशी सरळ ठेवली. तिच्या टोकावरची बारीक खूण त्यानं वाचली होती; वाचायला त्याला सयाजीनंच शिकवलं होतं.

"मस्त, काका," तो म्हणाला. "असंच चालू द्या. काही बदलू नका."

सयाजीनं ते कौतुक घरी शालनबाईला सांगितलं. पोरगं सुधारलं, म्हणाला.

वर्धापनदिनाला सकाळी दहा वाजता हॉल भरला. आठ विभागांच्या आठ गाड्या टेबलावर मांडल्या होत्या. सहा जणांनी तर कुठून कुठून तयार बॉड्या आणून रंगवल्या होत्या. सयाजीच्या तांबड्या फियाटपाशी प्रत्येक जण थांबत होता. मालकांनी तिच्या टपावरून दोनदा बोट फिरवलं. सयाजी इस्त्रीचा शर्ट घालून दोन पावलं मागं उभा होता. बेंचचं, शिकंज्याचं, खिडकी कुठल्या बाजूला असेल याचं चित्र त्याच्या मनात तयार झालं होतं.

चौकट ज्ञानेशच्या हातात होती. पाच गाड्या बसल्या. सहावी सयाजीची. नाक आत गेलं, खांदे टेकले, शेपूट मात्र नखाएवढं बाहेर राहिलं. ज्ञानेशनं गाडी काढली, फिरवली आणि पुन्हा घातली. सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी. पुन्हा तेच. त्यानं मोजमाप यंत्र लावलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. एकशे चौसष्टच्या जागी एकशे पासष्ट पूर्णांक सहा.

"काका, पट्टी कुठली वापरलीत?"

ज्ञानेशनं कुणाला तरी डिस्पॅचला पिटाळून ती पट्टी मागवली, साध्या पट्टीला जोडून टेबलावर ठेवली आणि शाळेत शिकवावं तसं सगळ्यांना दाखवलं. हे शंभर, आणि हे यांचे शंभर. ही लोखंड ओतायची पट्टी. मागून कुणीतरी म्हणालं, "काका, गाडी भट्टीत ओतायची होती का?" दुसरा म्हणाला, "थांबा राव, थंड झाली की आटेल." हॉल हसला. भोसरीच्या कँटीनपेक्षा इथं माणसं जास्त होती.

हसण्याचं सयाजीला तेवढं काही वाटलं नाही. त्याचं लक्ष मालकांकडं होतं. मालकांची नजर तांबड्या फियाटवरून उठली आणि सातव्या गाडीकडं वळली. टेबल, शिकंजा, खिडकी, सगळं त्या नजरेबरोबर निघून चाललं होतं.

"माप भीमराजनं घेतलं," सयाजी म्हणाला.

एकदा बोलल्यावर पुढचं सोपं गेलं. डोळ्यांना हल्ली बारीक दिसत न्हाई, म्हणून मोजायचं त्याच्याकडं दिलं हुतं, पेटीतनं पट्टी त्यानंच उचलली, मी इश्वास ठिवला, असं तो मालकांकडं बघत सांगत गेला.

भीमराज पॅकिंगच्या लोकांबरोबर दाराशी उभा होता. तो पुढं आला. "मिस्त्री, खरं बोला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "मी नुसता पत्रा वढला. पट्टी चुकती हाय म्हणून मीच तुमाला बोललो हुतो."

सयाजीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. मालकांना वर्धापनदिनाच्या सकाळी भांडण नको होतं. त्यांनी ज्ञानेशला विचारलं, "तू गेला होतास ना तिकडं? कोण मोजत होतं?"

ज्ञानेशनं उत्तर द्यायला घाई केली नाही. त्यानं सयाजीकडं पाहिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा सयाजी त्याच्याकडं काहीतरी मागत होता आणि ते दोघांनाही कळत होतं.

"मी गेलो तेव्हा पट्टी भीमराजच्या हातात होती, सर," ज्ञानेश म्हणाला. यातला एक शब्दही खोटा नव्हता.

मालक सुटल्यासारखे झाले. गाडी धावणार नाही, नियम तो नियम. पण कारागिराच्या हाताला त्यांनी बोल लावला नाही. मदतनिसाच्या चुकीची शिक्षा मिस्त्रींना कशाला, म्हणाले, आणि टेबल दिलं. टाळ्या वाजल्या. भीमराज टाळ्या संपेपर्यंत तिथंच उभा राहिला, मग यंत्र गरम करायला ठेवलंय म्हणून निघून गेला. त्या दिवशी सयाजी डबा घेऊन पॅकिंगकडं गेला नाही.

महिनाअखेरीला भीमराजचा कागद नवा झाला नाही. कारण कुणी लिहून दिलं नाही. पट्टी वाचता येत नाही त्याला पॅकिंगला ठेवून काय करायचं, असं ठेकेदाराचा माणूस चहाच्या टपरीवर बोलला, तेवढंच. सयाजीला चार दिवसांनी कळलं. रविवारी तो बसनं संत तुकाराम नगरला गेला. स्टॉपवर उतरून त्यानं एका किराणा दुकानात विचारलं. दुकानदारानं विचारलं, कुठली इमारत, कितवा मजला, घरात आणखी कोण आहे, मुलांची नावं काय? सयाजीला यातलं एकही सांगता येईना. फोन लावायचं त्याच्या मनात आलं, आणि मनातच राहिलं. तो समोरच्या स्टॉपवरून परत आला आणि घरी शालनबाईला म्हणाला की भेटलो, चहा घेतला, तो काय मनात ठेवणाऱ्यातला नाही.

चाकणची मॉडेल रूम छान होती. उत्तरेला मोठी काच, नवं टेबल, नवा शिकंजा. सयाजीनं पेटी उघडून पटाश्या आकाराप्रमाणं मांडल्या. पहिल्या दिवशी ज्ञानेश आला तेव्हा सयाजी उठून उभा राहिला आणि त्या दिवशीच्या उपकाराचं काहीतरी पुटपुटला.

"कसला उपकार, काका?" ज्ञानेश म्हणाला. "जे पाहिलं ते सांगितलं. बसा ना. काम आलं की सांगतो."

काम आलं नाही. आठवडाभर सयाजीनं हत्यारांना धार लावली. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा लावली. शेजारच्या खोलीत मशीनं कोरत होती, पोरं पडद्यावर नमुने फिरवत होती, आणि मधल्या काचेतून त्यांना हा दिसत होता आणि याला ते. तिसऱ्या आठवड्यात त्यानं काम मागितलं. ज्ञानेश अगदी आदरानं म्हणाला की या वयात दगदग कशाला, मालकांनी तुम्हाला मान म्हणून बसवलंय. मालकांकडं जावं, तर तिथं ज्ञानेशलाही बोलावतील. आणि ज्ञानेशला पॅकिंगमध्ये पाहिलेलं आणखी काही आठवलं तर? सयाजी गेला नाही.

पाहुणे येत तेव्हा मात्र त्याची आठवण होई. ज्ञानेश त्यांना काचेपाशी उभं करून सांगे, "हे आमचे सयाजी काका. पूर्वी सगळं हातानं करायचे." पाहुण्यांना फोटो हवा असे. फोटोत लाकडाचे सोलपे उडताना दिसले तर बरं, म्हणून सयाजी एका रद्दी फळीवर रंधा मारी. फळी रोज पातळ होत होती.

असे चार महिने गेले. एका संध्याकाळी कंपनीची बस चुकली म्हणून तो साध्या बसनं निघाला. मोशीला गर्दी चढली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर भीमराज येऊन बसला. बसल्यावर दोघांनी एकमेकांना ओळखलं. उठायला जागा नव्हती.

सयाजीनं चार महिने एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते तोंडाशी येईपर्यंत भीमराजच बोलला. मोशीत ट्रेच्या कारखान्यात लागलोय, म्हणाला, काम तेच, यंत्र मोठं. ते ट्रे घेऊन दिवसाला दोन टेम्पो चाकणच्या त्याच कंपनीत जात, आणि टेम्पोवाले तिथल्या मॉडेल रूमच्या काचेपाशी उभं राहून बघत आणि बघितलेलं, रद्दी फळीसकट, संध्याकाळी मोशीत सांगत. हे भीमराजनं सांगितलं नाही. तो म्हणाला, "तुमचं कसं काय? काय बनवताय सध्या?"

सयाजीनं खिडकीबाहेर पाहिलं. "हाय एक काम," तो म्हणाला. "गिअरबॉक्सचं कव्हर."

"मोठं हाय का?"

"दीड फूट. चार तुकड्यांत केलंय."

भीमराजनं मान डोलावली आणि पुढचं विचारलं. लाकूड कुठलं, वाळूतून सुटायला उतार किती ठेवला, आतल्या पोकळीची पेटी वेगळी केली का? ओतकामावर वर्षं काढलेल्या माणसाचे प्रश्न; एकही वावगा नाही. सयाजीला प्रत्येकाचं उत्तर द्यावं लागलं. उतार दोन अंश. पेटी वेगळी. सागवान जुनंच. देहूफाट्याच्या वळणापर्यंत कव्हरला आठ बोल्टांची भोकं पडली होती आणि एका कोपऱ्यात जाडी वाढवावी लागली होती. भीमराज लक्ष देऊन ऐकत होता. एकदा त्यानं हातानं आकारही करून दाखवला आणि असंच ना म्हणून विचारलं. सयाजी म्हणाला, व्हय, असंच.

भोसरी आली. सयाजी उठला. भीमराजनं गुडघे बाजूला घेऊन त्याला वाट दिली.

"झालं की सांगा, मिस्त्री," तो म्हणाला. "बघायला येतो."